शॉर्टफिल्मच्या पुरस्कार स्पर्धांना पैसे भरावेत का? भरावेत तर कुठे?

खाडीकाठ (ऐरोली) | सोम, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी,

ठाणे खाडीत अजून होडी घालणाऱ्या एका कोळी जोडप्यावर मी सोळा मिनिटांचा माहितीपट केला आहे. एडिट जवळपास झालंय, आवाजाचं काम मित्राने घणसोलीच्या घरी बसून केलं. आता जो तो म्हणतो, फेस्टिव्हलला पाठव.

महोत्सवांना फिल्म पाठवायच्या फिल्मफ्रीवे या साइटवर खातं उघडलं आणि चक्रावलो. हजारो महोत्सव आहेत. फी पंधरा डॉलरपासून साठ-सत्तरपर्यंत, शिवाय लवकर भरली तर कमी, उशिरा भरली तर जास्त. एका महोत्सवात 'सर्वोत्कृष्ट माहितीपट', 'सर्वोत्कृष्ट लघुमाहितीपट', 'सर्वोत्कृष्ट पहिला माहितीपट' असे वेगवेगळे गट आणि प्रत्येकाची वेगळी फी. प्रकल्पाचं पान तयार केल्यावर 'तुमचा चित्रपट आम्हाला फार भावला, खास सवलतीत प्रवेश घ्या' असे मेल सुरू झाले. फिल्म तर मी अजून अपलोडसुद्धा केलेली नाही!

माझं मत असं की पैसे भरणाऱ्या प्रत्येकाला जिथे काही ना काही मिळतं, ती स्पर्धाच नव्हे. पण ज्यांचं काम मला मनापासून आवडतं अशी माणसंही पोस्टरवर दहा-बारा लॉरेल (महोत्सवाच्या निवडीची किंवा पुरस्काराची पानांच्या वेलीसारखी चिन्हं) लावतात. वीस हजार रुपये या कामासाठी बाजूला ठेवलेत. कुठे घालावेत? अनुभवी लोकांनी सांगावं.

नौपाडाकर | सोम, रात्री १०:३१

वाचनखूण साठवली. फिल्म आम्हाला कधी दाखवताय?

लग्नाचा_कॅमेरा (ठाणे पूर्व) | सोम, रात्री ११:०५

मी उलट बाजूने बोलतो.

माझा धंदा लग्न-साखरपुड्याच्या शूटिंगचा. वर्षातून एखादी शॉर्टफिल्म स्वतःसाठी करतो. एका फिल्मला परदेशातल्या एका ऑनलाइन स्पर्धेचं प्रशस्तिपत्र मिळालं. दर महिन्याला निकाल लावणारी स्पर्धा, सभागृह नाही, प्रेक्षक नाही. सगळं मान्य. पण ते प्रशस्तिपत्र फ्रेम करून स्टुडिओत लावल्यावर येणारी गिऱ्हाइकं दर ऐकून लगेच उठून जाईनाशी झाली. आई दर पाहुण्याला ते दाखवते. 'हा कॅमेरा घेऊन काय करतो' असं विचारणारे मामा आता 'आमचा भाचा फिल्म करतो' म्हणतात.

घरात इंजिनिअर-डॉक्टर असताना कॅमेरा हातात घेणाऱ्याला असा एखादा कागद लागतो. त्याला फसवणूक म्हणून मोकळं होणं मला पटत नाही.

रीळवाली (ठाणे पश्चिम) | मंगळ, सकाळी ८:४०

लग्नाचा_कॅमेरा दादा, तुमच्या आईंचा आनंद खराच आहे. त्यावर माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो फी घेऊन फिल्म न पाहणाऱ्यांवर.

मी काही वर्षं एका महोत्सवासाठी प्राथमिक निवडीचं काम करते. आलेल्या फिल्म आधी आमच्यासारखे लोक पाहतात, गुण आणि टिपण देतात, मग मोजक्या फिल्म निवड समितीकडे जातात आणि शेवटी परीक्षकांकडे. यात माणसं लागतात, वेळ लागतो, म्हणून फी घेणं मुळात वाईट नाही. धागाकर्त्यांनी पैसे भरण्याआधी पुढच्या गोष्टी पाहाव्यात.

महोत्सव प्रत्यक्ष कुठल्या सभागृहात होतो? मागच्या वर्षीचं वेळापत्रक साइटवर आहे का, म्हणजे अमुक वारी अमुक वाजता अमुक फिल्म असं? परीक्षकांची नावं दिली आहेत का, आणि त्या लोकांनी स्वतः काय काम केलंय? विजेत्यांची यादी उघडून त्यातल्या दोन-तीन फिल्म शोधून बघा. फिल्म चांगल्या असतील तर महोत्सवही बहुतेक चांगला असतो. यादी संपतच नसेल आणि कलाकारांपेक्षा पुरस्कार जास्त असतील, तर तो टॅब बंद करा.

सगळ्यात पक्की खूण वेगळीच आहे. फिल्म विमिओ या व्हिडिओ साइटवर पासवर्ड लावून ठेवा आणि तीच लिंक द्या. लिंक किती वेळा उघडली आणि कुठपर्यंत पाहिली गेली, हे तिथल्या आकडेवारीत दिसतं. माझ्या एका मैत्रिणीला 'सर्वोत्कृष्ट छायाचित्रण' मिळाल्याचा मेल आला, सोबत ट्रॉफी घरपोच हवी असेल तर किती डॉलर भरायचे त्याचं कोष्टक. लिंक एकदाही उघडलेली नव्हती. ती रात्रभर रडली, कारण त्या छायाचित्रणासाठी ती थंडीत पहाटे येऊरच्या जंगलात उभी राहिली होती आणि ते कुणी पाहिलंच नव्हतं.

ट्रॉफीवाला (कळवा) | मंगळ, सकाळी १०:२२

आमचं सन्मानचिन्हांचं दुकान आहे, त्यामुळे या धाग्यावर बोलायचा हक्क मला आहे :)

क्रिकेट, कॅरम, सोसायटीची रांगोळी स्पर्धा, सगळ्यांच्या ट्रॉफ्या आम्ही करतो. फिल्मवाल्यांच्या ऑर्डर अलीकडे वाढल्यात. बरेच आयोजक निकालानंतर नावांची यादी पाठवतात. काही मात्र प्रवेशिका घेणं सुरू असतानाच ट्रॉफ्यांचा मोठा लॉट करून घेतात आणि सांगतात, 'पट्टी कोरी ठेवा, नावं नंतर देतो, वाढतीलसुद्धा.' कॅरमवाल्यांनी असं आजवर कधी सांगितलेलं नाही. तिथे जिंकणारा एकच असतो.

धंद्याच्या दृष्टीने मला हे बोलणं परवडत नाही. पण माझी मुलगी मास मीडियाला आहे आणि उद्या तीही कुठेतरी फी भरणार आहे.

नौपाडाकर | मंगळ, सकाळी १०:३०

ट्रॉफीवाला, हा या धाग्यावरचा सर्वोत्कृष्ट प्रतिसाद. पट्टीवर नाव आजच टाका!

शेंगदाणा_व्लॉग (खारघर) | मंगळ, दुपारी १:१५

आम्ही यूट्यूबवाले. आमच्यासाठी काय? लाख सबस्क्रायबरला सिल्व्हर बटण येतं, दहा लाखांना गोल्ड. पण ती स्पर्धा नाही, टप्पा आहे. मी पनवेल-उरण भागातल्या घरगुती रानभाज्यांवर व्हिडिओ करतो. एका 'क्रिएटर अवॉर्ड'वाल्यांचा फोन आला होता. नामांकन फुकट, पण समारंभाला पैसे भरून टेबल घ्यावं लागेल म्हणे.

रीळवाली (ठाणे पश्चिम) | मंगळ, दुपारी २:००

टेबल घ्यावं लागत असेल तर ती जेवणाची पंगत आहे. नाही म्हणा.

क्रिएटरांसाठी सरकारी पातळीवर ८ मार्च २०२४ ला दिल्लीत भारत मंडपममध्ये पहिले राष्ट्रीय क्रिएटर पुरस्कार दिले गेले. त्यात नामांकन आणि मतदान लोकांसाठी खुलं होतं. आणि खरोखर काही बनवून दाखवायचं असेल तर वेळेच्या मर्यादेतल्या स्पर्धा बघ. इफ्फीत, म्हणजे गोव्याच्या भारतीय आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, २०२१ पासून तरुणांसाठी 'क्रिएटिव्ह माइंड्स ऑफ टुमॉरो' आहे. निवडलेल्या मुलांना गोव्यात गट करून अठ्ठेचाळीस तासांत फिल्म करावी लागते. तिथे बक्षिसापेक्षा सोबतची माणसं जास्त कामाची. कॅमेरा, आवाज, संकलन करणारी ओळखीची होतात आणि पुढच्या फिल्मला उपयोगी पडतात.

रानभाज्यांच्या चॅनेलची लिंक दे. भारंगीची भाजी मला कधीच जमलेली नाही.

शेंगदाणा_व्लॉग (खारघर) | मंगळ, दुपारी २:०९

ताई, भारंगीचा पाला उकळून पाणी पिळून टाका, मग भरपूर कांदा-लसणावर परता. कडूपणा जातो. व्हिडिओ पावसाळ्यात येतोय.

जुनी_चळवळ (नौपाडा) | मंगळ, सायं. ६:४५

भाजी बाजूला ठेवून थोडं मागचं सांगतो. कॉलेजात असताना प्रभात चित्र मंडळ या मुंबईच्या फिल्म सोसायटीचा सभासद झालो. १९६८ सालापासूनची संस्था. खुर्च्या मोडक्या, प्रोजेक्टर खोकणारा, पण फिल्म संपल्यावर तासभर वाद चालायचा. महोत्सव म्हटलं की मला आधी तो वाद आठवतो.

तुमचा माहितीपट आहे तर घराजवळचा 'मिफ्फ', म्हणजे मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, सोडू नका. माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशन यांचाच हा महोत्सव, १९९० पासून दर दोन वर्षांनी मुंबईत भरतो. आधी सरकारचं फिल्म्स डिव्हिजन भरवायचं, आता एनएफडीसी (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ). सुवर्णशंख हा मोठा पुरस्कार तिथलाच. ऐरोलीहून पेडर रोडच्या त्यांच्या सभागृहांपर्यंत लोकल आणि बसने पोचता येतं. शेजारी बसून जगभरचे माहितीपटवाले तुमची फिल्म बघतात आणि नंतर चहाच्या टपरीवर तुम्हाला गाठून प्रश्न विचारतात. त्यासाठी विमान लागत नाही.

याच मिफ्फशी दिग्दर्शक कसे भांडले तेही सांगायला हवं. २००४ च्या महोत्सवासाठी भारतीय फिल्मना सेन्सॉर प्रमाणपत्र सक्तीचं करायचं ठरलं. परदेशी फिल्मना मात्र ते नको होतं. माहितीपटवाल्यांनी मोहीम उघडली, अट मागे घ्यावी लागली. पण निवडीत बऱ्याच धारदार फिल्म गळल्या. तेव्हा त्यांनी प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात 'विकल्प' नावाचा स्वतःचा महोत्सव त्याच दिवसांत भरवला. जी फिल्म नाकारली गेली तीसुद्धा लोकांपर्यंत नेता येते, हे मी तिथे जमलेल्या गर्दीवरून शिकलो. स्पर्धेने नाही म्हटलं की फिल्म संपली, असं आजची मुलं मानतात तेव्हा मला फार वाईट वाटतं.

मोठ्या पुरस्कारांनी काहीच होत नाही असंही नाही. नागराज मंजुळे यांच्या 'पिस्तुल्या' या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, मग 'फँड्री' आला. २०२५ च्या जानेवारीत रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं'ला अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथाचित्र गटाचं ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं, मराठी फिल्मला! त्या रात्री मी ओळखीच्या प्रत्येकाला फोन केला. पण अशा ठिकाणी निवड होते ती फिल्म पाहून.

वकीलबाई_वाशी | मंगळ, रात्री ९:२०

काकांच्या प्रतिसादाला मनापासून अनुमोदन. दोन कायदेशीर गोष्टी जोडते.

पहिली, प्रमाणपत्राची. भारतातल्या मान्यताप्राप्त महोत्सवात सेन्सॉरशिवाय फिल्म दाखवता येते, कारण आयोजक माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट घेतात. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांसाठी मात्र ज्या वर्षाचे पुरस्कार त्या कॅलेंडर वर्षातलं प्रमाणपत्र लागतं. डिसेंबरात धावपळ करणारे माझ्याकडे दरवर्षी येतात. अर्ज आधीच करा.

दुसरी, संगीताची. खाडीकाठ, फिल्ममध्ये कोळीगीत आहे का? होडीत बसून कुणी परंपरागत गाणं गुणगुणत असेल तर प्रश्न कमी. मागे रेडिओवर किंवा हळदीच्या डीजेवर रेकॉर्ड झालेलं गाणं ऐकू येत असेल, तर शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळ्या लोकांकडे असू शकतात. चांगले महोत्सव हे हक्क तुमच्याकडे आहेत असं लिहून घेतात. निवड झाल्यावर गाणं काढायला गेलात तर अख्खा प्रसंग कोसळतो.

खाडीकाठ (ऐरोली) | मंगळ, रात्री १०:०२

सगळ्यांचे आभार, खूप शिकायला मिळतंय. वकीलताई, एका प्रसंगात लांबून हळदीचा डीजे ऐकू येतो. मूळ आवाज वेगळ्या ट्रॅकवर आहे, आजच बदलायला घेतो.

प्रीमियरचं काय? यूट्यूबवर टाकायची घाई होतेय. ज्यांनी मदत केली ते रोज विचारतात.

रीळवाली (ठाणे पश्चिम) | मंगळ, रात्री १०:२५

थांबा! यूट्यूबवर सार्वजनिक केली की काही दारं बंद होतात. काही मोठ्या महोत्सवांना जागतिक किंवा निदान भारतातलं पहिलं प्रदर्शन हवं असतं. ऑस्करच्या लघुपट गटातही पात्र ठरण्याआधी फिल्म ऑनलाइन सार्वजनिक झालेली चालत नाही. तिथे लांबीची मर्यादा श्रेयनामावलीसकट चाळीस मिनिटं, आणि पात्रतेचा एक रस्ता म्हणजे त्यांच्या यादीतल्या महोत्सवात ठरावीक पुरस्कार मिळवणं. त्या यादीत बंगळुरूचा आंतरराष्ट्रीय लघुपट महोत्सवही आहे. तुमच्या-माझ्यासारख्यांनी परदेशी नावांना भुलण्यापेक्षा असे जवळचे महोत्सव आधी पाहावेत.

उलट, बऱ्याच छोट्या चांगल्या महोत्सवांना प्रीमियरशी देणंघेणं नसतं. म्हणून क्रम लावा. आधी कडक नियमांचे तीन-चार, त्यांचे निकाल लागेपर्यंत यूट्यूब बंद, मग बाकीचे.

पैशांबद्दल: तीस-पस्तीस डॉलर म्हणजे तीन हजारांच्या घरात जातात, कार्डाचं परकीय चलन शुल्क वेगळं. वीस हजारांत पाच-सहा महोत्सव झाले. पैसे भरण्याआधी आयोजकांना नम्र मेल लिहून फीमाफीचा कोड मागा. मी कितीतरी जणांना मिळालेला पाहिलाय. आणि थोडे पैसे सबटायटल तपासून घ्यायला ठेवा. आमच्याकडे येणाऱ्या मराठी फिल्म तिथे फार मार खातात. ओळी इतक्या लांब की वाचून होईपर्यंत चेहरा निघून जातो.

हो, आणि पहिल्या दोन मिनिटांत आभाराच्या सात पाट्या नकोत. निवड करणाऱ्याने दिवसभरात बऱ्याच फिल्म पाहिलेल्या असतात. होडी दाखवा, माणूस दाखवा.

नौपाडाकर | मंगळ, रात्री १०:४०

आणि ड्रोनमधून फ्लेमिंगो नकोत! नवी मुंबईतल्या प्रत्येक फिल्मची सुरुवात तिथूनच होते.

पाणथळ_प्रेमी (नेरुळ) | मंगळ, रात्री ११:१०

नौपाडाकरांचा विनोद मी गंभीरपणे घेतेय. ठाणे खाडीचा हा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर स्थळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तिथे वनविभागाच्या परवानगीशिवाय ड्रोन उडवू नका. पक्षी घाबरून उठतात, चरणं सुटतं. स्पर्धेत 'काय सुंदर शॉट' म्हणून टाळ्या पडतात आणि पुढच्या वर्षी दहा पोरं ड्रोन घेऊन येतात. निसर्गाच्या फिल्मना बक्षीस देणाऱ्यांनी परवानगीचा कागद मागितलाच पाहिजे, असं माझं ठाम म्हणणं आहे.

लग्नाचा_कॅमेरा (ठाणे पूर्व) | बुध, सकाळी ९:०५

शंभर टक्के सहमत. प्री-वेडिंगला लोक हाच शॉट मागतात, मी सरळ नकार देतो.

रीळवाली ताई, तुमचं सगळं वाचलं. मैत्रिणीचं वाचून वाईट वाटलं. पण मी माझ्या मुद्द्यावर आहे. तुम्ही म्हणता त्या महोत्सवांत शंभरातून एखादी फिल्म घेतली जाते. उरलेल्यांनी उमेद कशावर टिकवायची?

जुनी_चळवळ (नौपाडा) | बुध, सकाळी ९:५०

दादा, प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर: प्रेक्षकांवर. ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून उभं आहे, या गावाला एकत्र बसून ऐकायची-बघायची सवय जुनी आहे. महिन्यातून एकदा चार फिल्म, तीस माणसं आणि मोकळी चर्चा एवढं जमवलं तर तुमच्या फ्रेममधल्या कागदाहून जास्त उमेद मिळेल. मी खुर्च्या लावायला येईन.

वल्हं (दिवा कोळीवाडा) | बुध, दुपारी १२:३०

धागा दोन दिवस वाचतोय, लिहू की नको असं चाललं होतं.

आमच्या वाड्यात कॅमेरा घेऊन बरेच जण येतात. कॉलेजची पोरं येतात, परदेशी बायकाही आल्यात. आम्ही होडीत बसवतो, जाळं दाखवतो, जेवायला घालतो. चिखल किती वाढला, निवट्या-चिंबोऱ्या कुठे गेल्या, सगळं सांगतो. मग ते जातात. काही महिन्यांनी कुणाच्या तरी मोबाइलवर फोटो दिसतो, हातात ट्रॉफी, मागे मोठा पडदा. त्या पडद्यावर माझी आत्या. आत्याने ती फिल्म अजून बघितलेली नाही. तिला काय बक्षीस मिळालं ते कुणी सांगितलं नाही.

खाडीकाठ दादा, मी तुमच्याबद्दल बोलत नाही, तुम्ही कोण ते मला माहीत नाही. पण वीस हजाराचं विचारलंत म्हणून सांगतो. पहिला खेळ वाड्यात करा. त्याला फी नाही.

खाडीकाठ (ऐरोली) | बुध, दुपारी १:१०

वल्हं दादा, बरं झालं लिहिलंत. मी कच्चं एडिट त्या दोघांना त्यांच्या ओट्यावर लॅपटॉपवर दाखवलं होतं आणि त्यांच्या सांगण्यावरून एक प्रसंग काढला. पण अख्ख्या वाड्याला दाखवायचं मनात आलं नव्हतं. कधी करावं? आणि रीळवाली ताई, याने प्रीमियर मोडतो का?

रीळवाली (ठाणे पश्चिम) | बुध, दुपारी १:३५

ज्यांच्यावर फिल्म आहे त्यांना विनातिकीट, जाहिरात न करता दाखवलं तर बहुतेक महोत्सव त्याला प्रीमियर धरत नाहीत. ज्यांचे नियम कडक आहेत त्यांना मेल करून लेखी उत्तर घ्या. कुणी मोबाइलवरून लाइव्ह करू नये एवढं बघा.

आणि एडिट अजून पक्कं करू नका. लोक कुठे हसतात, कुठे उठून पाणी प्यायला जातात, कुठे 'असं नाही रे' म्हणतात ते टिपा. आमच्या निवड समितीच्या टिपणांपेक्षा ते जास्त उपयोगी पडेल.

वल्हं (दिवा कोळीवाडा) | बुध, दुपारी २:०५

उधाणाला ठेवू नका, पुनव-अवसेला सगळे पाण्यात असतात. अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटी कमी, तेव्हा माणसं घरी सापडतात. संध्याकाळी सातनंतर. मंडळाच्या पोरांशी मी बोलतो.

ट्रॉफीवाला (कळवा) | बुध, दुपारी २:२०

समारंभाचं पांढरं कापड माझ्याकडे पडून आहे, पडदा त्याचा करू.

लग्नाचा_कॅमेरा (ठाणे पूर्व) | बुध, दुपारी २:४८

प्रोजेक्टर आणि दोन स्पीकर माझे. अष्टमी पुढच्या गुरुवारी येतेय, त्या दिवशी माझं बुकिंग नाही. लांब वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड लागेल, माझा गेल्या लग्नात जळला. कोण आणतंय?

शेंगदाणा_व्लॉग (खारघर) | बुध, दुपारी २:५५

बोर्ड मी आणतो.